मावशी रिटायर झाल्या हे दादांना आठ दिवसांनी कळलं

आमच्या पॅकिंग सेक्शनमधल्या मावशी गेल्या वर्षी रिटायर झाल्या. शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुटीत नारळ, साडी, पेढे, दोघांची भाषणं, थोडी रडारड, सगळं रीतसर झालं. दादांच्या हातावर पण कुणीतरी पेढा ठेवला. त्यांनी तो खाल्ला, अंगठा वर केला आणि परत आपल्या टेबलाशी गेले. पुढच्या आठवड्यात एक दिवस त्यांनी माझा हात धरून विचारलं, मावशी आजारी आहेत का, आठ दिवस झाले त्यांच्या बांगड्या हाताला लागल्या नाहीत.

मला काय बोलावं कळेना. पन्नास माणसांच्या कंपनीत ही गोष्ट माहीत नसलेला एकच माणूस होता, आणि तो मावशींच्या शेजारच्या टेबलावर सहा वर्षं काम करत होता.

आमची कंपनी कुपवाड एमआयडीसीत, हळद-मसाला पॅकिंगची. अकाउंट, हजेरी, पीएफ आणि ज्याला मोठ्या कंपनीत एचआर म्हणतात ते सगळं माझ्याच टेबलावर असतं, त्यामुळं ही चूक पण माझीच. दादांना लहानपणापासून ऐकू येत नाही आणि आता दिसणंही जवळजवळ गेलंय. याला बहिरांधत्व म्हणतात. पाऊच मोजणं, बॉक्स भरणं, सीलिंग नीट झालंय का ते बोटानं तपासणं, यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही, सीलमधली बारीक फट त्यांच्या बोटाला लागते जी आमच्या डोळ्याला दिसत नाही. म्हणजे कामाचा प्रश्न कधीच नव्हता, प्रश्न होता तो कामाच्या मधल्या वेळेचा.

आता हे जरा नीट समजून घ्या, कारण आम्हालाच समजायला सहा वर्षं लागली. तुम्हाला ऑफिसातलं जे काय माहीत असतं त्यातलं किती तुम्हाला कुणी मुद्दाम सांगितलेलं असतं? कुणाचं कुणाशी बिनसलंय, साहेब आज कुठल्या मूडमध्ये आहेत, कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं, बोनसबद्दल काय कुजबूज चाललीय, हे सगळं कानावर पडतं किंवा नजरेला पडतं, आपण त्यासाठी काहीच करत नाही. बहिऱ्या माणसाचं कानावर पडत नाही पण तो चेहरे बघून बरंच ताडतो. अंध माणसाला दिसत नाही पण त्याचे कान सगळीकडं असतात. या दोन्हीतली एक वाट बंद असली की माणूस दुसरीवर दुप्पट भार टाकतो, आणि दोन्ही बंद झाल्या की तो भार टाकायला जागाच नसते. म्हणून बहिरांधत्व म्हणजे बहिरेपण अधिक अंधत्व अशी बेरीज नाही, ते वेगळंच प्रकरण आहे. अशा माणसाला 'पडतं' असं काहीच नाही, कुणीतरी हातात आणून द्यावं लागतं.

दुसरा गैरसमज, की बहिरांध म्हणजे पूर्ण काळोख आणि पूर्ण शांतता. तसे फार थोडे असतात, बहुतेकांना थोडं दिसतं किंवा थोडं ऐकू येतं. आमच्या दादांना अशर सिंड्रोम आहे. चार्ल्स अशर नावाचे ब्रिटिश डोळ्यांचे डॉक्टर होते, त्यांनी १९१४ मध्ये हे आनुवंशिक असल्याचं दाखवलं, त्यांचं नाव लागलं. यात ऐकू येण्याचा दोष बहुधा जन्मापासून असतो आणि डोळ्यांचा पडदा नंतर हळूहळू खराब होत जातो. आधी रातांधळेपणा येतो, मग कडेकडेचं दिसायचं बंद होत जातं, शेवटी पाइपमधनं बघितल्यासारखं तेवढंच समोरचं गोल दिसतं. पूर्वी दादांना समोरच्याचा चेहरा दिसायचा पण शेकहँडला पुढं केलेला हात दिसायचा नाही, आणि निम्मी कंपनी म्हणायची की लई भाव खातोय. संध्याकाळी लाइट गेली की ते एकदम गप्प व्हायचे, त्याचा अर्थ आम्ही 'कंटाळले असतील' असा लावायचो. अहो आम्ही हातानं करायचो त्या खुणाच दिसत नव्हत्या त्यांना!

(जाता जाता, अशर होण्यासाठी आई आणि वडील दोघांकडनं तो दोष यावा लागतो, दोघं वाहक असले तर दर खेपेला मूल तसं होण्याची शक्यता चारात एक. आपल्याकडं मामाच्या पोरीशी लग्न लावायची पद्धत आहे, त्यात दोघांकडं एकच दोष असण्याची शक्यता वाढते. लग्न कुणाशी करावं हे सांगायला मी बसलेली नाही, पण घरात कुणी असं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून घ्या. आणि दुसरं मोठं कारण म्हणजे गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत आईला रुबेला होणं. गोवर-रुबेलाची लस शाळेत टोचतात म्हणून पालकांनी जो दंगा केलेला तो आठवतो का? ती लस यासाठी पण होती.)

हे कारण-बिरण मी एवढं सांगतेय त्यामागं एक कामाची गोष्ट आहे. कोण कधी बहिरं झालं आणि कधी अंध झालं यावर त्याची भाषा ठरते. जन्मापासून ऐकू न येणारा आणि नंतर दृष्टी गेलेला माणूस बहुधा खुणांच्या भाषेत वाढलेला असतो, मराठी ही त्याची वाचून शिकलेली दुसरी भाषा, आणि ब्रेल कदाचित त्याला येतच नाही. जन्मापासून न दिसणारा आणि नंतर ऐकू येईनासं झालेला माणूस तोंडानं फर्डा मराठी बोलेल, ब्रेल सपासप वाचेल, पण खुणांचं त्याला काही माहीत नसेल. म्हातारपणी दोन्ही कमी झालेल्यांची आणखी तिसरीच तऱ्हा. आमच्या साहेबांनी भल्या मनानं दादांसाठी ब्रेलमधलं कॅलेंडर मागवलं होतं. दादांनी हात जोडून घेतलं. त्यांना ब्रेलचं एक अक्षर येत नव्हतं तेव्हा. विचारायचं होतं आधी, एवढंच.

मावशींच्या प्रकरणानंतर मी वहिनींना, म्हणजे दादांच्या मिसेसना फोन केला. त्या म्हणाल्या, 'ताई, तुम्ही सगळे चांगलेच आहात हो. पण तुम्ही त्यांना जेवलात का विचारता, ते जेवलो म्हणतात, संपलं. कधी भांडता का त्यांच्याशी? कधी कुणाची चुगली करता का?' मग त्या दर शनिवारी सुटायच्या आधी अर्धा तास यायला लागल्या आणि आमची शाळा भरली.

पहिली शिकलो ती तळहातावर लिहायची पद्धत, कारण दादा बधिरांच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेत, अक्षरं त्यांना येतात. आपल्या पहिल्या बोटानं त्यांच्या तळहातावर एकेक अक्षर काढायचं, शेजारी-शेजारी नाही तर सगळी अक्षरं एकाच जागी एकावर एक, आणि वरची रेघ द्यायची नाही. शब्द संपला की हलकी थाप, चुकलं की पुसल्यासारखं करायचं. ऐकायला सोपं आहे पण देवनागरीची एक गंमत आहे, वरची रेघ गेली की घ आणि ध, भ आणि म यांच्यात फारसा फरक उरत नाही. मी पहिल्याच दिवशी 'घर' लिहिलं, त्यांनी 'धर' वाचलं आणि माझं मनगट घट्ट धरलं. आता ध आणि भ ला डोक्यावर मुद्दाम एक गाठ मारतो.

पण ही पद्धत फार हळू आहे. दादांची खरी भाषा खुणांची, आणि ती हातावर हात ठेवून बोलता येते. बोलणारा खुणा करतो, ऐकणारा त्याच्या हातांवर आपले हात हलके ठेवून त्या 'वाचतो'. इथं लक्षात ठेवायचं ते हे की त्यांचे हात वर असतात, आपले खाली. आपण त्यांचे हात पकडून हलवायचे नाहीत, ते म्हणजे एखाद्याची मान धरून 'बघ तिकडं' म्हटल्यासारखं होतं. जगात अशा पद्धती बऱ्याच आहेत. हिएरोनिमस लॉर्म नावाचा लेखक होता, त्याला स्वतःला दिसत आणि ऐकू येत नव्हतं, त्यानं १८८१ मध्ये हाताच्या वेगवेगळ्या जागी टिचकी, रेघ, दाब अशी मुळाक्षरं बसवली, जर्मन बोलणाऱ्या भागात ती अजून चालतात. अमेरिकेत सिएटलला २००७ च्या सुमारास बहिरांध लोकांनीच प्रो-टॅक्टाइल म्हणून एक चळवळ सुरू केली, त्यांचं म्हणणं असं की दिसणाऱ्यांची भाषा आम्ही हातानं चाचपत का बसायची, आम्ही स्पर्शाचीच भाषा घडवू.

आणि याला परदेशी म्हणून नाक मुरडू नका. आमचे आजोबा खरसुंडीच्या यात्रेत खिल्लार बैलांचा सौदा करायचे तो कसा? रुमालाखाली हात घालून, बोटं धरून, दाबून. हजारांचे आकडे, नकार, 'जरा वाढव की', सगळं शेजारच्याला न कळता हातातल्या हातात. मी ही गोष्ट दादांना तळहातावर लिहून सांगितली (वीस मिनिटं लागली), तर ते म्हणाले त्यांच्या वडिलांनी पण असाच बैल घेतला होता आणि फसले होते.

आता नाजूक विषय. आपली सांगली काही मुंबई नव्हे, पॅकिंगला बहुतेक बायका, आणि परक्या पुरुषाचा हात हातात घेऊन बोलायचं म्हणजे किती जणींना अवघड वाटलं असेल बघा. कुठल्या ट्रेनिंगमध्ये यावर कुणी बोलत असेल असं मला वाटत नाही पण आमच्याकडं हाच सगळ्यात मोठा अडसर होता, दादांबद्दल कुणाच्या मनात काही नव्हतं, लोक काय म्हणतील हे होतं. मावशी वयानं मोठ्या होत्या म्हणून त्यांना चालून गेलं, आणि त्या गेल्यावर दादांशी बोलणारं बायकांच्या बाजूनं कुणी उरलंच नाही. मग वहिनींनीच सगळ्यांसमोर विषय काढला. ठरलं असं की स्पर्श खांद्यापासून हातापर्यंत एवढाच, ज्यांना अवघड वाटतं त्यांनी मनगटाच्या वर लिहायचं, ज्यांना नकोच आहे त्यांनी नको म्हणायचं, दादांना पण नको असेल तेव्हा त्यांनी हात मागं घ्यायचा आणि कुणी मनाला लावून घ्यायचं नाही. बोलून टाकल्यावर हा प्रश्न पंधरा दिवसात संपला, सहा वर्षं नुसता दबून होता.

रोजच्या वागण्यात काय बदललं ते सांगते. जवळ जाताना मागनं एकदम हात लावायचा नाही, तुम्हाला काळोखात कुणी मागनं धरलं तर कसं वाटेल. खांद्यावर हात ठेवायचा, तसाच ठेवून थांबायचं, ते वळले की हात खाली त्यांच्या हातापर्यंत न्यायचा आणि आधी आपण कोण ते सांगायचं. प्रत्येकाची एक ओळख ठरलीय, माझी घड्याळ, सुपरवायझरांची दाढी, स्टोअरच्या पोराचं कडं. 'ओळखा बघू मी कोण' हा खेळ बंद, तो खेळ फक्त खेळणाऱ्याला आवडतो. आणि जाताना 'चाललो' म्हणून सांगून जायचं. हे आम्ही सगळ्यात जास्त वेळा विसरलो. फोन आला, उठून गेलो, आणि दादा पाच मिनिटं रिकाम्या खुर्चीशी बोलत बसले असं झालंय, आणि आजूबाजूचे हसले पण आहेत, खोटं कशाला सांगू.

दुपारच्या जेवणाला त्यांना आम्ही आग्रहानं मध्ये बसवायचो आणि वाटायचं झालं, सामील करून घेतलं. पण हातानंच बोलायचं आणि हातानंच भाकरी मोडायची, दोन्ही एकदम जमणार कसं? शिवाय हात आमटीचे. मग कळलं की बोलायची खरी वेळ जेवणाची नाही, चहाची. आता चार वाजताच्या चहाला कप संपला की हात धुवून (हळदीच्या कंपनीत हे सांगावं लागतं, आमचे सगळ्यांचे तळहात कायम हळदी लागलेल्या नवरदेवासारखे) दोन जण दादांजवळ बसतात. दोनच. घोळक्यात आठ जण एकदम बोलतात तेव्हा हातावर पोचवणारा माणूस निम्मं गाळतो आणि वीस मिनिटांत त्याचा हात आणि डोकं दोन्ही दमतं, म्हणून पाळी बदलायची. एका वेळी एकानंच बोलायचं हा नियम पण केला, तो मराठी माणसाला किती झेपतो ते तुम्हाला माहीतच आहे.

घोळक्यासाठी एक भारी युक्ती आहे, फिनलंडमध्ये यावर बरंच काम झालंय. समोरचा माणूस बोलत असताना दुसऱ्यानं बहिरांध माणसाच्या पाठीवर किंवा दंडावर छोट्या खुणा द्यायच्या. सगळे हसतायत तर बोटं गुदगुल्या केल्यासारखी नाचवायची, समोरचा मान डोलवतोय तर हलक्या मुठीनं थापटायचं, कुणी आत आलं, कुणी उठून गेलं, साहेब आले, प्रत्येकाला एक खूण. आम्ही पाठ सोडून दंड ठेवला. पूर्वी दादा विनोद सांगायचे आणि समोर काय झालं तेच त्यांना कळायचं नाही, लोक हसले का, गप्प बसले का, उठून गेले का. आता दंडावर बोटं नाचली की त्यांना कळतं, आणि मग ते तोच विनोद परत सांगतात. हा एक तोटा.

व्हॉट्सअॅपचं वेगळंच. स्टोअरच्या पोरानं त्यांना ब्रेल शिकायला लावलं, वर्षभर लागलं कारण चाळिशीत बोटाला टिंबं समजणं सोपं नाही. ब्रेल सहा टिंबांचं, आपल्या मराठीचं ब्रेल म्हणजे भारती ब्रेल, ते १९५१ पासून आहे. मोबाइलला जोडायचं एक छोटं यंत्र मिळतं, त्यात २० अक्षरांची पट्टी असते, बारीक खिळे वरखाली होतात आणि स्क्रीनवरचा मजकूर बोटाखाली येतो. ते आल्यावर दादा ग्रुपवर आले. आणि मग कळलं की आमच्या ग्रुपवर वाचण्यासारखं काहीच नसतं! सकाळी फुलांचे फोटो, फोटोवर लिहिलेले सुविचार, व्हॉइस नोट, स्टिकर. फोटोतलं अक्षर त्या यंत्राला साधारणपणे मिळत नाही आणि व्हॉइस नोटचा दादांना उपयोग शून्य. म्हणून आता फोटो टाकला की खाली एक ओळ लिहायची, 'आयर्विन पुलावर पाणी आलंय, लोक बघायला जमलेत', एवढं पुरतं. सुप्रभातचे फोटो निम्मे कमी झाले, कारण खाली लिहायचं काय हा प्रश्न पडायला लागला. बाकीच्यांनी पण आभार मानले.

कायद्याचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात बहुविकलांगतेखाली बहिरांधत्वाचा नाव घेऊन उल्लेख आहे. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्क्याच्या वाट्यात ते येतं, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, मानसिक आजार वगैरेंच्या बरोबरीनं. खाजगी कंपनीला पण समान संधी धोरण करावं लागतं, २० किंवा जास्त माणसं असतील तर त्यात सोयीसुविधांचा तपशील लिहावा लागतो. आमचं धोरण फाइलला आहे, मीच टाइप केलंय, आणि मावशींच्या निरोपाच्या दिवशी पण ते फाइलला होतंच. शिकवणी, मदतनीस वगैरे हवं असेल तर मुंबईत हेलन केलर इन्स्टिट्यूट १९७७ पासून आणि अहमदाबादला सेन्स इंटरनॅशनल इंडिया १९९७ पासून याच कामात आहेत. हेलन केलर, ती बहिरांध अमेरिकन लेखिका, म्हटलं की सगळ्यांना पाण्याच्या पंपाखाली हात धरून 'पाणी' हा शब्द शिकलेली मुलगी तेवढी आठवते, ती बाई १९२४ पासून अंधांसाठीच्या एका संस्थेत चाळीसेक वर्षं काम करत होती हे कुणी सांगत नाही.

एक चूक अजून आमची सुटलेली नाही. वहिनी किंवा स्टोअरचं पोरगं मध्ये असलं की आम्ही त्यांच्याशीच बोलायला लागतो, 'दादांना विचार की चहा घेणार का'. दादा तिथंच बसलेत! दुभाषी असला तरी तोंड आणि वाक्य दोन्ही दादांकडं हवं, 'दादा, चहा घेणार?' पोरगं त्यांच्या हातावर तेच सांगेल. आणि सगळा भार एकाच पोरावर टाकला तर ते सुटीवर गेलं की दादा परत एकटे. म्हणून निदान पाच-सहा जणांना येईल एवढं तरी करायचं असं ठरवलंय, सध्या साडेतीन जणांना येतं, अर्धी मी.

मावशींचं म्हणाल तर त्या पुढच्याच रविवारी दादा आणि वहिनी त्यांच्या घरी गेले, हरिपूरला. मावशींनी दार उघडल्या उघडल्या दादांच्या हातात आपल्या बांगड्या दिल्या म्हणे, आणि मग दोघांनी मिळून दीड तास माझी आणि कंपनीची उणीदुणी काढली. हे मला दादांनीच सोमवारी सांगितलं. मी तळहातावर उत्तर लिहायला लागले तर त्यांनी मध्येच थांबवलं आणि म्हणाले, आधी नखं काप.